जुन्या सर्व्हरला नवी शिस्त

१९८६ सालच्या ऑक्टोबरात अमेरिकेत एक विलक्षण गोष्ट घडली. लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कलेचे विद्यापीठ यांमधील अंतर अवघे ४०० यार्ड. परंतु त्यांना जोडणाऱ्या संगणकजालावरील माहितीचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून एकाएकी ४० बिटांवर आला. मग दोष कोणाचा? तार तुटली नव्हती. गहाळ झालेली पॅकेटे, म्हणजे माहितीचे तुकडे, संगणक पुनःपुन्हा धाडीत होते आणि त्यामुळेच वाट अधिक तुंबत होती.

ही वाहतूक टीसीपी नावाच्या नियमावलीनुसार चालते. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली तीवर उपाय मांडला: पॅकेट हरवले की गर्दी झाली असे समजावे आणि पाठविणाऱ्याने हात आखडता घ्यावा. लिनक्स प्रणालीने २००६ साली स्वीकारलेली ‘क्यूबिक’ ही रीतही याच तत्त्वावर उभी आहे.

परंतु हे अनुमान दोन्ही बाजूंनी चुकू शकते. बिनतारी जोडणीत गर्दीवाचूनही पॅकेट गहाळ होते. मग वाट मोकळी असूनही सर्व्हर उगाच थबकतो. उलट, मार्गावरील यंत्रांची साठवण मोठी असली, तर ती काठोकाठ भरेपर्यंत काहीच हरवत नाही. सर्व्हर पुढे रेटीत राहतो आणि रांग वाढते. म्हणून २०१६ साली जेकबसन व गूगलमधील त्यांचे सहकारी यांनी ‘बीबीआर’ ही रीत पुढे आणली. वाटेची कमाल वाहनक्षमता आणि जाण्यायेण्याचा किमान वेळ ही दोन मापे घेऊन ती त्या बेताने माहिती सोडते.

ही रीत केवळ पाठविणाऱ्याच्या बाजूस बसवावी लागते. ग्राहकाच्या यंत्रात काहीच बदलावे लागत नाही. अडचण आहे ती जुन्या सर्व्हरची. बीबीआरचा समावेश लिनक्सच्या ४.९ या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, डिसेंबर २०१६ मध्ये झाला. सेंटओएस ७ चा मूळ कर्नल मात्र ३.१० आहे. तेथे नुसते बीबीआरचे नाव लिहून भागत नाही. आधी नवा कर्नल बसवून सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो. त्यानंतर मांडणीच्या फाइलीत दोन ओळी घालावयाच्या: एक ‘एफक्यू’ ही रांगव्यवस्था निवडणारी, दुसरी बीबीआर निवडणारी. एफक्यू पॅकेटे एकदम न लोटता ठराविक अंतराने सोडते, ४.१३ पूर्वीच्या कर्नलांत ती अत्यावश्यकच होय. जुना कर्नल मात्र काढून टाकू नये. नवा न जुळल्यास परतीची वाट तीच.

सावधगिरीही हवी. साठवण तोकडी असलेल्या मार्गावर बीबीआरची पहिली आवृत्ती इतरांचा वाटा बळकावते व पॅकेटेही अधिक गमावते. म्हणून बदलापूर्वी आणि बदलानंतर वेग मोजून पाहणे हेच शहाणपणाचे. शिवाय ३० जून २०२४ रोजी सेंटओएस ७ ची देखभाल संपली. नव्या शिस्तीने वाहतूक सुधारेल, जुन्या इमारतीच्या भेगा बुजणार नाहीत. नव्या प्रणालीकडे जाईपर्यंतचीच ही सोय आहे.