यंत्राच्या डोळ्याला उजेड कसा द्यावा?

श्रोते हो, चारठाण्याच्या जुन्या देवळांतले कोरीव दगड आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. एक साधा प्रयोग करून बघा. अंधार पडल्यावर झिजलेल्या कोरीव कामावर समोरून बॅटरीचा झोत टाका. दगड सपाट वाटेल. आता तीच बॅटरी दगडाच्या कडेला, जवळजवळ टेकवून धरा. पुसट रेघाही सावली टाकू लागतील आणि नक्षी उठून दिसेल. दगड तोच, डोळाही तोच. बदलली ती फक्त उजेडाची दिशा.

कारखान्यांतून आज मालाची पारख कॅमेरा करतो. त्याला हाच नियम लागू आहे. कॅमेऱ्याला वस्तू दिसत नाही, वस्तूवरून परतलेला उजेड दिसतो. म्हणून दिवा निवडताना "किती प्रखर?" हा प्रश्न मागाहून. "दोष कोणता शोधायचा?" हा प्रश्न आधी.

ओरखडा किंवा ठोकलेले अक्षर पाहायचे, तर उजेड बाजूने, सपाट द्यावा. भोक किंवा आकार तपासायचा, तर मागून द्यावा. चाळणी फाटली आहे का, हे बघायला घरातली बाई ती उजेडासमोर धरते, तसेच हे. वस्तू चकचकीत असेल, तर सरळ झोताने नुसती तिरीप येते. स्टीलच्या ताटलीवर बॅटरी मारून पाहा, आणि मग मध्ये पातळ पांढरे कापड धरा. उजेड पसरतो, तिरीप मोडते. रंगाचेही तसेच. शिक्षकांनी अंधाऱ्या खोलीत बॅटरीवर लाल जिलेटिनचा कागद लावून पांढऱ्या कागदावरच्या दोन रेघा मुलांना दाखवाव्यात. लाल रेघ पुसट होते, निळी काळी पडते.

आता आपल्या घरच्या मालाकडे वळू. तुरीची डाळ अनेक डाळमिलांत कलर सॉर्टर नावाच्या यंत्रातून जाते. उतरत्या पन्हाळीवरून डाळ पातळ थराने घसरते, दोन्ही बाजूंचे कॅमेरे ती पाहतात, आणि काळा दाणा किंवा टरफल दिसताच हवेची फुंकर त्याला बाहेर उडवते. यातली युक्ती अशी की, दाण्यांमागची पट्टी चांगल्या डाळीइतकीच उजळ ठेवतात. मग चांगली डाळ पार्श्वभूमीत मिसळून जाते आणि खोट तेवढी डोळ्यांत भरते. डाळीच्याच रंगाचा खडा मात्र अशाने सापडत नाही. त्यासाठी काही यंत्रांत आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश वापरतात, कारण त्यात खडा आणि डाळ वेगवेगळी दिसतात.

दिवा स्थिरही हवा. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्याने जुन्या पद्धतीच्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. आपल्याला ते कळत नाही, पण सेकंदात हजारो वेळा पाहणाऱ्या कॅमेऱ्याला कळते. म्हणून अशा ठिकाणी स्थिर प्रवाहावर चालणारे एलईडी दिवे लावतात. बाहेरचे ऊन आत येऊ नये म्हणून झाकणही घालतात, नाहीतर सकाळचा निकाल दुपारी टिकत नाही.

आणि शेवटी धूळ! डाळमिलात ती असायचीच. काचेवर धूळ बसली किंवा दिवा मंदावला, की चांगली डाळही यंत्राला काळवंडलेली दिसते आणि खराब मालात जाऊन पडते. यंत्र बिघडलेले नसते; त्याचा उजेड बिघडलेला असतो. तो दाणा कोणीतरी पावसाळ्याच्या तोंडी पेरून महिनोन्महिने राखलेला असतो. म्हणून काच वेळोवेळी पुसावी आणि ठराविक पांढऱ्या पट्टीवर कॅमेऱ्याची नजर ताडून घ्यावी.

तेव्हा तुमच्या मालात खोट निघाली असे यंत्राने सांगितले, तर घाबरू नका. मूठभर डाळ दिवसाच्या उजेडात नेऊन स्वतः बघा, आणि मग विचारा: "दादा, तुमच्या यंत्राची काच कधी पुसली?"