आधी भिंत, मग खड्डा

संकेश्वरच्या आसपास, हिरण्यकेशीकाठच्या काळ्या रानात विहीर खणावयाची म्हणजे तिचे तोंड हवे त्याहून बरेच रुंद धरावे लागते. काठ ढासळणार, हे खणणाऱ्यास ठाऊक असते. म्हणून बाजूंना उतार देत तो खाली उतरतो, पाणी लागले की उपसतो आणि मग तळापासून दगडी बांधकाम वर आणतो. रानात जागेला तोटा नसतो. शहरात मात्र खड्ड्यापासून चार हातांवर कोणाचे तरी चार मजली बिऱ्हाड नांदत असते. उतार द्यावा तर ती इमारतच खड्ड्यात येईल. नुसते पाणी उपसत राहावे, तर तिच्याखालची माती दबून पाया खचेल.

यावर तोडगा एकच : खड्ड्याच्या आधी भिंत बांधावयाची. अभियंते तिला ‘डायफ्रॅम वॉल’ म्हणतात. ही पद्धत १९५० च्या सुमारास इटलीत रुळली. कोलकात्याच्या मऊ चिकणमातीत, १९८४ साली सुरू झालेली भारतातील पहिली भुयारी रेल्वे अशाच भिंतींच्या आधाराने खोदली गेली.

भिंतीच्या रेषेवर दोन-तीन फूट रुंदीचा खोल चर यंत्राच्या जबड्याने खणतात, तोही एका वेळी काही मीटर लांबीचाच. मोकळा चर घटकाभरही टिकावयाचा नाही; म्हणून खणतानाच तो बेंटोनाइट नावाच्या मातीच्या पातळ राड्याने भरलेला ठेवतात. हा राडा पाण्याहून किंचित जड असतो. त्याची पातळी भूजलाहून उंच राखली, की तो बाहेरच्या मातीस व पाण्यास रेटून धरतो. चराच्या अंगावर त्याचा लेप बसल्याने तो फारसा झिरपतही नाही. नवल असे, की उन्हाळ्यात भेगाळणारी व पावसात फुगणारी काळी माती आणि हे बेंटोनाइट यांच्यात खनिज एकच, मॉन्टमोरिलोनाइट. घरांना तडे पाडणाऱ्या मातीची सख्खी बहीण येथे काठ सावरते!

पुढे सळयांचा पिंजरा त्या राड्यातच सोडतात आणि लांब नळीने काँक्रीट थेट तळाशी ओततात. काँक्रीट खालून चढत येते, राडा वर ढकलला जातो. तो गाळून पुन्हा वापरतात. असे तुकडे जोडून भिंत पुरी झाली, की आतली माती काढू लागतात व जसजसे खाली जावे तसतशा भिंतीला आडव्या तुळया देतात. भिंतीचे टोक खड्ड्याच्या तळाहूनही खाली गेलेले असते.

मुंबईत अनेक ठिकाणी थोड्याच खोलीवर खडक लागतो. तेथे एकमेकांत घुसविलेल्या काँक्रीटच्या खांबांची रांग सोयीची पडते. वांद्रे-कुर्ला संकुलातील अतिवेगवान रेल्वेच्या स्थानकासाठी अशाच तीन हजारांहून अधिक खांबांचे कडे उभारण्यात आले. खोदाई सुमारे ३२ मीटर, म्हणजे दहा मजली घर बुडेल इतकी.

हे सारे काम डोळ्यांआड होते, आणि धोका आहे तो तेथेच. जर्मनीतील कोलोन शहरात भुयारी रेल्वेसाठी अशी भिंत बांधताना आडवा आलेला एक दगड पुरता निघाला नाही व त्या जागी भिंतीत वैगुण्य राहिले, असे तज्ज्ञांच्या तपासात पुढे दिसून आले. भिंत काही वर्षे उभी होती. ३ मार्च २००९ रोजी त्या वाटेने वाळू व पाणी खड्ड्यात घुसले आणि शेजारचे शहराचे दप्तरखाने कोसळले. लगतच्या घरांतील दोघे दगावले. शेकडो वर्षांचे दस्तऐवज चिखलात गाडले गेले. ते उपसून, वाळवून, सांधण्याचे काम पुढे वर्षानुवर्षे चालले.