मोकळी मेमरी असूनही

पेठ वडगावच्या आठवडी बाजारात उशिरा पोचलेल्या विक्रेत्याला शेजारीशेजारी चार जागा हव्या असल्या, तर मोकळ्या दहा दिसूनही काम होत नाही. एक या टोकाला, एक त्या टोकाला. लिनक्स कर्नलला ही अडचण वर्षानुवर्षं छळत आली.

कर्नल मेमरी सहसा 4 केबीच्या पानांत वाटतं: एक, दोन, चार, आठ असे सलग गट. केनेथ नोल्टन यांनी ही पद्धत 1965 साली मांडली. शेजारची दोन मोकळी पानं पुन्हा जोडली जातात, पण मधलं एखादं अडून बसलं की जोडणी खुंटते. मग लॉगमध्ये उमटतं, ‘पेज अ‍ॅलोकेशन फेल्युअर, ऑर्डर 3’. म्हणजे सलग आठ पानं मिळाली नाहीत. रॅम वाढवा, हा सल्ला इथे फार तर दुखणं पुढे ढकलतो.

कर्नलचे विकासक मेल गॉर्मन यांनी दुखण्याच्या मुळाला हात घातला. जानेवारी 2008 मधल्या 2.6.24 आवृत्तीपासून हलवता येणारी आणि न येणारी पानं वेगवेगळ्या भागांत ठेवली जाऊ लागली. 2010 मध्ये 2.6.35 आलं आणि हलणारी पानं एका बाजूला सारून सलग जागा करण्याची सोय झाली.

2014 च्या अखेरीस मात्र विकासकांमध्ये चर्चा भलत्याच गोष्टीवर पेटली. आठ पानांपर्यंतची साधी मागणी कर्नल जवळपास कधी नाकारतच नव्हतं; मिळेपर्यंत खटपट करत राहायचं. त्यामुळे ‘मेमरी नाही मिळाली तर’ म्हणून लिहिलेला कितीतरी कोड कधी चाललाच नव्हता! त्यातून पेच असा की, मेमरीसाठी ताटकळणाऱ्या प्रक्रियेच्या हातात एक लॉक, आणि मेमरी सोडवण्यासाठी मारायला निवडलेली प्रक्रिया त्याच लॉकसाठी खोळंबलेली. मिखाल होको यांनी 4.6 मध्ये (मे 2016) ती मरायची वाट न पाहताच तिची मेमरी काढून घेण्याची तजवीज केली.

खरा शहाणपणा त्यानंतरच्या बदलांत दिसतो: सलग मेमरीचा हट्टच सोडायचा. एक्स86-64 वर प्रत्येक प्रक्रियेच्या कर्नल-स्टॅकला 16 केबी, म्हणजे चार सलग पानं लागत. डिसेंबर 2016 च्या 4.9 पासून ती विखुरलेली असली तरी भागू लागलं. 2017 च्या 4.12 मधल्या ‘केव्हीमॅलॉक’ या फंक्शननं हाच मार्ग सर्वांसाठी सोपा केला. जिथे सलग जागा लागतेच, तिथे 5.9 मध्ये (2020) नितीन गुप्ता यांनी मागणी येण्याआधीच पानांची आवराआवर करण्याची सोय आणली.

नेटवर्क कार्डावर पॅकेट येऊन धडकतं तेव्हा मात्र आवरायला सवड नसते. राखीव पानांवर भागवायचं. तीही संपली की पॅकेट टाकून द्यायचं. टीसीपी ते पुन्हा पाठवतं.