बारामतीच्या नॅरोगेजसाठी करवत

दौंड–बारामती रेल्वे १९१४ मध्ये सुरू झाली ती नॅरोगेजवर. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. आज तिथे ब्रॉडगेज आहे. पण ती जुनी गाडी ज्याला घरच्या टेबलावर पुन्हा चालवायची आहे, त्याच्या पथ्यावर पडणारं एक गणित आहे. छोट्या रेल्वेच्या छंदात सर्वांत रुळलेलं प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. ७६२ ला ८७ ने भागलं की उत्तर येतं पावणेनऊ मिलिमीटर, आणि एन प्रमाणाच्या गाड्यांसाठी जगभर विकला जाणारा तयार रूळ ९ मिलिमीटरचा असतो. ब्रॉडगेजवाल्यांचं नशीब इतकं चांगलं नाही. १६७६ मिलिमीटरचं गेज १:८७ ने सव्वाएकोणीस होतं आणि बाजारात मिळतो साडेसोळाचा रूळ, कारण तो १४३५ मिलिमीटरच्या परदेशी गेजवरून बेतलेला आहे. थोडक्यात, बारामतीच्या जुन्या गाडीचं मॉडेल आजच्या गाडीपेक्षा मापाला अधिक खरं उतरतं.

रूळ मिळाला की प्रश्न येतो तो कापण्याचा. लवचिक रुळाची पट्टी साधारण ९१४ मिलिमीटरची, म्हणजे एक यार्डाची येते. ती सरळ असेपर्यंत दोन्ही रूळ बरोबरीत असतात. वळवली की आतला रूळ पुढे सरकून बाहेर येतो. किती? काटकोनाचं वळण असेल तर साडेसोळाच्या पट्टीत सुमारे २६ मिलिमीटर आणि नऊच्या पट्टीत सुमारे १४. वळण मोठं घ्या की लहान, हा आकडा बदलत नाही. तो फक्त गेजवर आणि कोनावर ठरतो. म्हणून आधी वळवायचं, जागेवर बसवून खूण करायची आणि मगच कापायचं.

रुळाची उंची ‘कोड’ने सांगतात. कोड १०० म्हणजे इंचाचे शंभर हजारांश, अडीच मिलिमीटर. भारतीय रेल्वेचा ६० किलोचा रूळ १७२ मिलिमीटर उंच असतो. १:८७ ने तो दोन मिलिमीटरही भरत नाही. म्हणजे कोड १०० दिसायला जाडजूड. कोड ८३ बरा, ५५ नाजूक. धातू बहुधा निकेल सिल्व्हर, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू. नावात चांदी असली तरी त्यात चांदी नसते. तो मऊ असल्यामुळे कापायला सोपा, आणि त्याच कारणाने चेपायलाही सोपा.

घरातली कटर पक्कड वापरायचा मोह टाळा. तिचे जबडे दोन्ही बाजूंनी पाचरीसारखे असतात. रूळ तुटतो, पण टोक चिमटून निघतं आणि जोडपट्टी त्यावर चढत नाही. रुळासाठी वेगळा निपर मिळतो. त्याच्या जबड्याची एक बाजू सपाट असते. ती बाजू ठेवायच्या तुकड्याकडे हवी, पाचरीची बाजू टाकायच्या तुकड्याकडे. झुरॉन कंपनीचा निपर या कामात नावाजलेला आहे. तो मऊ धातूसाठीच आहे. पोलादी तार एकदा जरी त्यात धरली तरी धार गेली म्हणून समजा. आणि कापताना सुटणाऱ्या टोकावर बोट ठेवा, नाहीतर तुकडा डोळ्याकडे उडतो.

हॅक्सॉ फिटरच्या हाताला सवयीचा. वालचंदनगरसारख्या ठिकाणी, जिथे साखर कारखान्यांची अवजड यंत्रं घडतात, तिथल्या कामगाराला ब्लेडचे दात कसे निवडायचे हे सांगावं लागत नाही: कापायच्या जाडीवर एका वेळी निदान तीन दात टेकले पाहिजेत. पण हॅक्सॉचं सर्वांत बारीक ब्लेडही इंचाला ३२ दातांचं. छोट्या रुळाचा माथा मिलिमीटरभरही रुंद नसतो, त्यावर एकच दात येतो आणि अडकतो. स्लीपरच्या प्लास्टिकमधून रूळ उचकटतो तो इथेच.

माझ्या मते आपल्या भागातल्या माणसासाठी उत्तर सराफ बाजारात आहे. सोनाराची धनुष्यासारखी करवत दागिन्यातली जाळी कापण्यासाठी असते. तिचं दोन-शून्य क्रमांकाचं पातं इंचाला पन्नासहून जास्त दातांचं आणि जाडीला पाव मिलिमीटरच्या आसपास. दातांची टोकं मुठीकडे ठेवून पातं ताणून बसवायचं, म्हणजे ओढताना कापलं जातं आणि पातं वाकत नाही. त्यावर थोडं मेण घासलं की घसरण चांगली. रुळाच्या मापाची खाच पाडलेला लाकडाचा ठोकळा शेगड्यात धरा, त्यात रूळ बसवा आणि करवतीला तिच्या वजनाने चालू द्या. पाती तुटतात, ती डझनाने आणावीत. बारामतीत किंवा इंदापुरात सोनारकामाची अवजारं विकणाऱ्याकडे चौकशी करावी. निपर मात्र बहुधा मागवावाच लागेल.

जागेवर बसवलेल्या रुळात विजेचा प्रवाह तोडण्यासाठी फट पाडायची असेल, तर करवतीची कमान आडवी येते. तिथे हातात धरायचं छोटं मोटरटूल आणि पातळ चकती लागते. चकती किंचित तिरकी झाली की फुटते, म्हणून चष्मा हवाच. वेगाने धातू तापतो आणि स्लीपर वितळतात, म्हणून थांबत थांबत कापायचं. पडलेल्या फटीत प्लास्टिकचा बारीक तुकडा चिकटवून टाकावा, नाहीतर उन्हाळ्यात ती मिटते.

ही भीती खरी आहे. निकेल सिल्व्हरचा यार्डभर लांब रूळ तापमान ३० अंशांनी वाढलं की जवळपास अर्धा मिलिमीटर वाढतो, आणि आपल्याकडे जानेवारीची पहाट व मेची दुपार यांत तेवढा फरक सहज पडतो. दिवाळीच्या सुट्टीत रूळ टाकणाऱ्याने प्रत्येक सांध्यात पोस्टकार्डाच्या जाडीची जागा सोडावी. मेमध्ये टाकणाऱ्याने रूळ भिडवले तरी चालतं.

कुठल्याही हत्याराने कापा, शेवटी बारीक कानस लागतेच. आधी टोक सपाट करायचं, मग तळाचा बर, म्हणजे कापताना उरलेली खरखरीत कड, काढायचा म्हणजे जोडपट्टी सरकते, आणि माथ्याच्या आतल्या कडेवर एकच हलका हात फिरवायचा, कारण चाकाची कड तिथेच घासते. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचं १९९८ मध्ये सुरू झालेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथे गेलात तर इंजिनांइतकंच लक्ष सांध्यांकडे द्या. घरी तपासायचं असेल तर रिकामा डबा बोटाने हळू ढकलत सांध्यावरून न्यायचा. टक् असा आवाज आला किंवा डबा किंचित उचलला गेला, तर कानस पुन्हा हातात घ्यायची.