वेताळ झाडावर गेला, तो परत आलाच नाही

वर्षानुवर्षं चाललेली गोष्ट संपते तेव्हा तिचा निरोप कसा घ्यायचा? हॅरी पॉटरच्या वाचकांना निदान तारीख तरी माहीत होती. सातवं आणि शेवटचं पुस्तक २१ जुलै २००७ ला येणार हे महिनोन् महिने आधी जाहीर झालं होतं. यानंतर हॅरी नाही, हे ठाऊक असूनच पोरांनी दुकानांपुढे रांगा लावल्या. शेरलॉक होम्सचं तर विचारूच नका. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये त्याला धबधब्याच्या कड्यावरून नाहीसा केला, तर वाचक असे काही खवळले, की १९०३ मध्ये लेखकाला त्याला पुन्हा जिवंत करून आणावं लागलं!

पण आपल्या ओळखीची एक जोडी अशी आहे, की तिच्या निरोपाला कोणी रांग लावली नाही, कोणी खवळलं नाही, आणि शेवटचं प्रकरण तर छापलंच गेलं नाही. एके महिन्यात वेताळ नेहमीसारखा झाडावर जाऊन लटकला. राजा नेहमीसारखा मागे वळला. आणि पुढच्या महिन्यात अंकच आला नाही.

ओळखलंत ना? 'चांदोबा'तले विक्रम आणि वेताळ!

तुमच्यातल्या पुष्कळ जणांनी 'चांदोबा' पाहिला नसेल, म्हणून थोडं सांगते. बी. नागिरेड्डी आणि चक्रपाणी या दोघांनी जुलै १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या अगदी तोंडावर, मद्रासमध्ये 'चंदामामा' नावाचं मुलांचं मासिक सुरू केलं. (मद्रास म्हणजे आजचं चेन्नई, बरं का.) आधी ते तेलुगू आणि तमिळमध्ये निघायचं. मग एकेक करत डझनभर भाषा झाल्या. मराठीत तो १९५२ मध्ये आला आणि आपल्याकडे त्याचं नाव पडलं 'चांदोबा'. गोष्टी तेलुगूत लिहिल्या जायच्या आणि मग बाकीच्या भाषांत जायच्या. चित्रं मात्र सगळीकडे तीच! म्हणजे वाड्याचा मुलगा आणि विजयवाड्याचा मुलगा एकाच महिन्यात एकाच राक्षसाला घाबरायचे. शेवटच्या पानांवर दोन फोटो असायचे आणि त्यांना शोभतील अशा जोडओळी वाचकांनी पाठवायच्या. माझी मावशी दर महिन्याला पाठवायची. कधी छापून आल्या नाहीत, तो भाग वेगळा.

याच मासिकात १९५० नंतरच्या दशकात वेताळाच्या गोष्टी सुरू झाल्या. साचा ठरलेला. राजा विक्रम स्मशानात येतो, झाडावर लटकणारं प्रेत उतरवतो, खांद्यावर टाकतो आणि निमूट चालू लागतो. प्रेतात शिरलेला वेताळ बोलू लागतो. राजा, तुझे श्रम हलके व्हावेत म्हणून एक गोष्ट सांगतो, ऐक. गोष्ट संपली की प्रश्न. उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील. राजा उत्तर देतो. पण बोलायचं नाही ही तर अट! मौन मोडलं, की वेताळ प्रेतासकट पुन्हा झाडावर.

आहे की नाही पंचाईत? बोलला तर प्रेत जातं, नाही बोलला तर डोकं जातं.

आमची शाळा शेलारला. भिवंडी सोडून वाड्याच्या रस्त्याला लागलं, की नदीनाक्याचा पूल ओलांडल्यावर आमचं गाव. एका बाजूला यंत्रमाग, दुसऱ्या बाजूला गोदामं. वर्गाच्या खिडक्या उघड्या असल्या की मागांची खडखड फळ्यापर्यंत येते. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत वाड्याच्या मावशीने तिची जुनी पत्र्याची ट्रंक रिकामी केली आणि 'चांदोबा'चे चौदा अंक माझ्या हवाली केले. शनिवारच्या शेवटच्या तासाला मी ते चौथीला वाचून दाखवू लागले.

तिसऱ्या शनिवारी एक मुलगी उभी राहिली. "बाई, हा राजा दर वेळी तेच करतो. कंटाळत कसा नाही?"

मी काही बोलायच्या आत मागच्या बाकावरून उत्तर आलं. त्या मुलाचे वडील मागावर रातपाळी करतात. तो म्हणाला, "धागा तुटतो तसं आहे ते. धागा तुटला की माग थांबवायचा, गाठ मारायची, परत चालू करायचा. माझे बाबा रात्रभर तेच करतात. कंटाळा आला म्हणून काय करणार?"

विक्रम राजाचं इतकं नेमकं वर्णन मी तरी दुसरीकडे वाचलेलं नाही.

चौदा अंक संपले आणि साहजिकच प्रश्न आला : शेवट काय झाला? चौदापैकी एकाही अंकात शेवट नव्हता. तेव्हा आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. मुळात या गोष्टी 'वेताळपंचविशी' म्हणून प्रसिद्ध, म्हणजे एकूण पंचवीस. महिन्याला एक, म्हणजे वर्षाला बारा. पंचवीस गोष्टी किती दिवस पुरतील? दोन वर्षं आणि एक महिना! आणि 'चांदोबा'त तर त्या अनेक दशकं चालल्या. मग उरलेल्या आल्या कुठून?

तर गंमत अशी, की मूळच्या गोष्टी संपल्या तरी वाचकांची हौस संपली नव्हती. म्हणून संपादकखात्यात नव्या गोष्टी रचल्या जाऊ लागल्या. १९५२ पासून १९८० मध्ये मृत्यू येईपर्यंत ज्यांनी 'चंदामामा' सांभाळला, ते तेलुगूतले मोठे लेखक कोडवटिगंटि कुटुंबराव या कामाचा कणा होते. दर महिन्याला एक नवी गोष्ट, आणि तिच्या शेवटी असा प्रश्न, की त्याची दोन्ही उत्तरं खरी वाटावीत. लिहून बघा एकदा, मग कळेल किती अवघड आहे ते!

आणि चित्रं शंकर यांची. त्यांचं पूर्ण नाव के. सी. शिवशंकरन. हातात उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत आणि मागे स्मशान, हे डोळ्यांपुढे येणारं चित्र त्यांच्याच हातचं. जवळजवळ साठ वर्षं ते 'चंदामामा'साठी चित्रं काढत राहिले. १९८५ मध्ये दूरदर्शनवर रामानंद सागर यांची 'विक्रम और बेताल' मालिका आली. पुढे रामायणात राम झालेले अरुण गोविल त्यात विक्रम होते. त्यांचं काम चांगलंच होतं. पण माझ्या मावशीचं मत असं, की खरा विक्रम शंकर यांचाच, टीव्हीवरचा नुसता त्याचा भाऊ.

पुढे दिवस पालटले. १९९८ मध्ये कामगारांच्या वादामुळे मासिक बंद पडलं, ते वर्षभराने पुन्हा निघालं. २००७ मध्ये मुंबईतल्या एका संगणक कंपनीने ते विकत घेतलं. आणि २०१२-१३ मध्ये अंक येईनासे झाले. वाचकांना वाटलं, टपालात उशीर झाला असेल. मग वाटलं, पुढच्या महिन्यात दोन येतील. कोणत्या महिन्यात आशा सोडायची, हे काही ठरवून होत नाही. शंकर २९ सप्टेंबर २०२० ला गेले. तेव्हा वर्तमानपत्रांत त्यांच्या फोटोबरोबर तेच चित्र छापून आलं. खांद्यावर प्रेत घेऊन राजा अजून चाललेलाच.

आता शेवटाकडे वळते. कारण शेवट आहे! फक्त तो 'चांदोबा'पेक्षा खूप जुन्या पुस्तकात आहे. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेव नावाचा पंडित होऊन गेला. त्याने 'कथासरित्सागर' हा संस्कृत ग्रंथ रचला. नावाचा अर्थच गोष्टींच्या नद्यांचा सागर. वेताळाच्या गोष्टी त्यात आहेत. आणि त्यातला राजा कुठला असेल? उज्जैनचा नव्हे हं! गोदावरीकाठच्या प्रतिष्ठान नगरीचा, म्हणजे आपल्या पैठणचा. नाव त्रिविक्रमसेन. हे सांगितल्यावर वर्गात टाळ्या पडल्या, जणू पैठण शेलारच्या शेजारीच आहे!

या राजाकडे एक भिक्षू रोज एक फळ आणून द्यायचा. दहा वर्षं! राजा ते फळ तसंच कोठारात टाकायला सांगायचा. एके दिवशी एका माकडाने फळ फोडलं आणि आतून रत्न निघालं. कोठारात जाऊन पाहतात तर फळं कुजून गेलेली आणि रत्नांचा ढीग पडलेला. भिक्षूला विचारलं तेव्हा तो म्हणाला, मला एका वीराची मदत हवी आहे. अंधाऱ्या चतुर्दशीला स्मशानात ये आणि शिसवीच्या झाडावरचं प्रेत मला आणून दे. तिथून आपल्या ओळखीच्या फेऱ्या सुरू होतात. तेवीस फेऱ्या, तेवीस गोष्टी, तेवीस उत्तरं.

चोविसाव्या वेळी वेताळ सांगतो, की एका बापलेकांना रानात दोन बायकांच्या पावलांचे ठसे दिसले. एक पाऊल मोठं, एक लहान. दोघांनी ठरवलं, मोठ्या पावलाचीशी बापाने लग्न करायचं, लहान पावलाचीशी मुलाने. शब्द दिला गेला. त्या भेटल्या तर आई आणि मुलगी निघाल्या, आणि मोठं पाऊल होतं मुलीचं! शब्द पाळावा लागला. बापाची बायको झाली मुलगी आणि मुलाची बायको झाली तिची आई. आता सांग राजा, या दोन जोडप्यांना मुलं झाली, ती एकमेकांची कोण?

आम्ही फळ्यावर नात्यांचा तक्ता काढला. काका म्हणावं तर भाचाही निघतो, आणि मामा म्हणावं तर पुतण्याही. दहा मिनिटांत फळा भरला आणि भांडणं सुरू झाली. तुम्हीही घरी काढून बघा, पण आजीला मदतीला घ्या.

राजाने खूप विचार केला. त्याला उत्तर आलं नाही. तो गप्प चालत राहिला.

आणि इथेच तो सुटला! अट काय होती, आठवा. उत्तर ठाऊक असून बोलला नाही तर डोकं फुटेल. इथे ठाऊकच नव्हतं. त्यामुळे डोकंही शाबूत आणि मौनही शाबूत. "म्हणजे माहीत नाही म्हणून जिंकला?" एकाने विचारलं. "आपल्याकडे माहीत नाही म्हटल्यावर कोणी सुटत नाही, बाई." वर्ग हसला, मीही हसले.

वेताळ राजावर खूश झाला. त्याने सावध केलं, की तो भिक्षू तुझाच बळी देणार आहे. तो तुला साष्टांग नमस्कार घालायला सांगेल, तेव्हा म्हण, मला येत नाही, आधी तू करून दाखव. राजाने तसंच केलं. भिक्षू आडवा झाला आणि राजाची तलवार खाली आली.

वेताळ भुतांचा राजा, मग तो चांगला की वाईट, हा वाद आमच्याकडे दोन दिवस चालला. मराठी मुलखाला या वादाचं नवल नाही. पुण्यात त्याच्या नावाची टेकडी आहे. गोव्यात पैंगीणला, आमोण्याला त्याची देवळं आहेत. वेंगुर्ल्याजवळ आरवलीचा वेतोबा तर रात्रभर गावाची राखण करत हिंडतो, असं लोक मानतात. म्हणून त्याला भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात, आणि त्या झिजतात असंही सांगतात. गोष्टी सांगून राजाचा जीव वाचवणारा वेताळ या राखणदाराचाच कोणी असणार, असा वर्गाचा निकाल लागला.

पण शेवटचा भाग अजून राहिलाच. वेताळ म्हणाला, वर माग. राज्य, रत्नं, काहीही. राजाने मागितलं ते असं : या रात्रीच्या चोवीस गोष्टी, आणि हा शेवट मिळून पंचविसावी, सगळीकडे प्रसिद्ध होवोत, लोकांनी त्यांचा मान राखावा. वेताळाने तथास्तु म्हटलं, प्रेतातून बाहेर पडला आणि निघून गेला. झाडावर नाही. आपल्या घरी.

हे वाचून झाल्यावर वर्गात बराच वेळ नुसता मागांचा आवाज येत होता. मग पहिलीच सूचना आली, की हे तिसरीच्या मुलांना सांगायचं नाही. त्यांच्या शनिवारच्या तासाला मी आता तेच चौदा अंक वाचते आहे. दुसरी बाजू म्हणाली, सांगायचंच, आपल्यासारखं त्यांनी का थांबायचं? हात वर करून मत घेतलं. एकोणीस विरुद्ध बारा, आत्ता सांगायचं नाही. सोमदेवाच्या गोष्टीचा शेवट एका वहीत लिहून ती कपाटात, गणिताच्या पेटीखाली ठेवली आहे. शिवाय आमच्या चौथीने स्वतःचे नऊ नवे वेताळप्रश्न रचले आहेत. त्यातले चार खरोखर अवघड आहेत. तिसरीतला एक मुलगा रोज मधल्या सुट्टीत दारात येऊन विचारतो, "बाई, आता कितवी?"