आवाज केव्हा येतो, ते विचारा

ठाणे खाडीवरचा वाशीचा पहिला पूल 1973 मध्ये रहदारीला खुला झाला. लोकल मात्र वाशीला पोहोचली ती 1992 मध्ये. मधली दोन दशकं सिडकोने वसवलेल्या नवी मुंबईतून मुंबईला जायचं तर बस नाहीतर स्वतःची गाडी, यावरच सगळी भिस्त होती. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या पाळ्यांनाही दुचाकीच सोयीची पडे. गावठाणांच्या कडेला आणि पुढे सेक्टरांतल्या तळमजल्यावरच्या गाळ्यांत गॅरेजं उभी राहिली ती या गाड्यांच्या जोरावर. तेव्हापासून इथल्या रस्त्यांवर मोटारसायकलींच्या तीन पिढ्या धावल्या आणि प्रत्येक पिढीने आपापली खडखड, करकर आणि घरघर सोबत आणली. इंजिनाची ताकद मागच्या चाकापर्यंत नेणारे क्लच, गिअरबॉक्स आणि चेन झिजू लागले की हे आवाज सुरू होतात. त्यांचा माग काढण्याची एक रीत या काळात हाताखालच्या पोरांपर्यंत तोंडी पोहोचत गेली. ती टिकावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा मागोवा.

पहिल्या पिढीत तीन नावं ठळक होती. बुलेट 1955 पासून मद्रासला तयार होऊ लागली. मुंबईत जावा गाड्या आयात करणाऱ्या रुस्तम इराणींनी म्हैसूरला आयडियल जावा हा कारखाना काढला; 1960 च्या दशकात तिथून जावा आणि पुढे येझदी बाहेर पडली. तिसरी एस्कॉर्ट्सची राजदूत. या गाड्या दणकट होत्या, उघडायला सोप्या होत्या आणि बोलक्याही होत्या.

जुन्या बुलेटचंच पाहा. तिचं इंजिन वेगळं आणि गिअरबॉक्स वेगळा. दोघांना जोडणारी प्रायमरी चेन डाव्या कव्हरच्या आत तेलात फिरते. ती सैल पडली की कव्हरला घासते आणि इंजिन खल्लास झाल्यासारखा आवाज येतो. जाणता मेकॅनिक इंजिनाला हात लावण्याआधी कव्हरवरची टोपी काढून बोटाने चेनची ढील बघतो. चेन सर्वांत ताठ असेल तिथेही साधारण पाव इंच खेळ हवा. गिअरबॉक्सची खूण तर याहून नेमकी आहे. त्या चार गिअरांच्या बॉक्समध्ये चौथ्या गिअरला ताकद लेशाफ्टकडून, म्हणजे बाजूच्या दुय्यम दांड्याकडून, वळसा न घेता सरळ पार होते. पहिल्या तीन गिअरांत घरघर आणि चौथा पडताच शांतता, असं असेल तर लेशाफ्ट आणि तिचे बुश-बेरिंग तपासायचे. एकही नट न खोलता एवढं कळतं.

या पिढीने शिकवलेली मोठी गोष्ट हीच. आवाज कुठून येतो हे कानाने ठरवायला गेलं की फसगत होते, कारण पोलादातून आवाज हवेपेक्षा सुमारे पंधरा पट वेगाने धावतो. मागच्या चेनची कटकट फ्रेममधून चढून टाकीखाली ऐकू येते आणि मालक इंजिनाचे टॅपेट सेट करून घेतो. आवाज केव्हा येतो आणि केव्हा थांबतो, हे मात्र सहसा फसवत नाही.

म्हणून चार प्रश्न ठरून गेले. पहिला, गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये आवाज येतो का? येत असेल तर क्लच दाबा. दाबताच थांबला तर संशय गिअरबॉक्सच्या मेनशाफ्टवर आणि तिच्या बेरिंगवर. दाबताच सुरू झाला तर क्लच ढकलणाऱ्या रॉडवर किंवा तिथल्या बेरिंगवर. काहीच फरक पडला नाही तर इंजिनावर किंवा क्लचच्या बाहेरच्या हाऊसिंगवर. दुसरा, चालत्या गाडीत क्लच दाबून रेस सोडली तर काय होतं? इंजिन मंदावूनही आवाज गाडीच्या वेगाबरोबर चालूच राहिला तर चेन, सॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक), चाकाचं बेरिंग आणि ब्रेक यांच्याकडे वळायचं. तिसरा, आवाज एकाच गिअरात येतो की सगळ्या? एकाच गिअरात असेल तर त्या गिअरचे दात. चौथा, ओढताना येतो की रेस सोडल्यावर? झिजलेला भाग पुष्कळदा एकाच बाजूने बोलतो. या चौथ्या प्रश्नासाठी वाशीचा पूल चांगला. चढावर इंजिन ओढतं आणि उतारावर रेस सोडली की चाक इंजिनाला ओढतं. दोन्ही अवस्था एकाच फेरीत ऐकायला मिळतात. बेलापूरच्या पारसिक टेकडीचा चढही त्याच कामाचा.

दुसरी पिढी 1985 मध्ये आली. हिरो होंडाची सीडी 100 आणि यामाहाची आरएक्स 100 एकाच वर्षी बाजारात उतरल्या; 1994 मध्ये स्प्लेंडर आली. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात बसले, प्रायमरी चेनची जागा दातेरी चाकांनी घेतली. नव्या मुंबईचंही त्याच सुमारास बस्तान बसत होतं. महानगरपालिका 1 जानेवारी 1992 ला झाली. आवाजांचा मुक्काम आता मागच्या चेनवर हलला. हिरो होंडाच्या गाड्यांत ती पूर्ण कव्हरमध्ये होती. कव्हरने चिखल अडवला आणि चेन नजरेआडही केली. नजरेआड गेलेल्या वस्तूला तेल पडत नाही. कोरडी चेन कुईकुई करू लागे आणि सैल चेन कव्हरवर आपटून खडखड करी.

चेन तपासायला हत्यार फारसं लागत नाही. गाडी मेन स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा, चाक हाताने हळू फिरवत खालच्या बाजूची ढील मोजत जा. लहान गाड्यांना साधारण 25 ते 30 मिलिमीटर ढील लागते. एका जागी ती पुरेशी आणि दुसऱ्या जागी चेन ताठ, असं असेल तर चेन सगळीकडे सारखी झिजलेली नाही. नुसती ताणून घेतली तर ताठ जागी बेरिंगवर ताण येईल आणि नवीन घरघर पदरात पडेल. मग मोजपट्टी काढा. या गाड्यांत सर्रास असणाऱ्या 428 नंबरच्या चेनची एक कडी 12.7 मिलिमीटरची, म्हणजे एका पिनेपासून मोजत एकविसाव्या पिनेपर्यंतचं अंतर नव्या चेनीत 254 मिलिमीटर भरतं. 259 च्या आसपास गेलं की चेन संपली. तेव्हा दोन्ही सॉकेटसकट पूर्ण किट बदलायचं, कारण झिजलेले दात नव्या चेनला लवकर खातात.

टक-टक करणारा आवाज तर हिशेबाने पकडता येतो. इंजिन बंद करून गाडी सपाट जागी ढकलायची आणि मागच्या टायरवर खडूची खूण करायची. चाकाच्या दर फेरीला एकदाच टक झालं तर दोष चाकात, ब्रेक ड्रममध्ये किंवा मागच्या सॉकेटमध्ये. पण मागच्या सॉकेटला 42 दात आणि चेनला 110 कड्या असतील तर चाकाच्या अडीचहून थोड्या जास्त फेऱ्यांत चेनची एक फेरी पुरी होते. टक त्या अंतराने झालं की एखादी कडी आखडली आहे हे नक्की. ती बोटांनी शोधून वाकवून बघायची, आखडलेली असेल तर ती सरळ होत नाही.

आखडलेल्या कड्या या शहरात वारंवार सापडतात आणि त्याला इथली हवाच कारण आहे. चार महिने कोसळणारा पाऊस चेनवरचं तेल धुऊन नेतो. बांधकामांवरून येणाऱ्या डंपरांचा चिखल कड्यांत जाऊन बसतो आणि वाळला की कानशीसारखा घासतो. खाडीवरचा खारा वारा लोखंडाला गंज चढवतो. इमारतीखाली पावसाळाभर उभी राहिलेली गाडी दसऱ्याला बाहेर काढली की पहिल्या फेरीतच ती कुरकुरते, ते यामुळे. पुण्याकडच्या कोरड्या हवेचा हिशेब इथे चालत नाही. पावसाळ्यात चेनला दर आठवड्याला 90 नंबरचं ऑइल दाखवावं आणि मोठ्या पावसात भिजली तर त्याच दिवशी.

तिसरी पिढी नव्या शतकाची. बजाजची पल्सर 2001 मध्ये आली, तरुणांना जास्त ताकदीच्या गाड्यांचं वेड लागलं आणि उघड्या, ओ-रिंगच्या चेनी दिसू लागल्या. इथे जुनी सवय नडली. पेट्रोलने चेन धुण्याची पद्धत जुन्या चेनीला चालून गेली होती. ओ-रिंगचं रबर पेट्रोलने खराब होतं आणि आतलं ग्रीस निघून जातं. शिवाय इंजिनाच्या आतल्या टायमिंग चेनचा खळखळाट क्लचच्या खडखडीशी मिळताजुळता निघाला आणि दोन्हींची गल्लत होऊ लागली. क्लच दाबून बघण्याचा पहिला प्रश्न इथेही कामी आला.

एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 हे प्रदूषण मानक लागू झालं. कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाले, सेन्सर आले आणि गॅरेजमध्ये स्कॅनर पोहोचला. इंधन आणि इग्निशनचे दोष तो पटकन दाखवतो आणि त्याचा खरंच उपयोग आहे. पण चेनची आखडलेली कडी, चाकाचं खराब बेरिंग किंवा सॉकेटमागचं चेपलेलं रबर यांना सेन्सर नाही. दुसरीकडे बेल्टवर चालणाऱ्या स्कूटर एवढ्या वाढल्या की नव्या मुलांना गिअरबॉक्स उघडायची संधीच कमी मिळते. कान तयार होतो तो रोजच्या कामाने. ते काम कमी झालं की आवाज ओळखणारी माणसंही कमी होणार.

याचा भुर्दंड मालकाला बसतो. पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि 2022 मध्ये दुचाकीचं हे शुल्क 300 वरून 1,000 रुपयांवर गेलं. एवढं करून गाडी ठेवणारा माणूस ती प्रेमाने ठेवतो. त्याला चेन किटच्या जागी इंजिन खोलायचा सल्ला मिळाला तर पैसे जातात आणि चांगलं इंजिन विनाकारण उघडलं जातं.

यावर उपाय आपल्या हातातले आहेत. मालकाने गॅरेजला जाण्याआधी चार प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून न्यावीत: उभ्या गाडीत क्लच दाबल्यावर काय, चालत्या गाडीत क्लच दाबून रेस सोडल्यावर काय, कुठल्या गिअरात, ओढताना की रेस सोडल्यावर. ‘आवाज येतोय, बघा’ एवढंच सांगून किल्ली देऊ नये. मेकॅनिकने काढलेला भाग मालकाला दाखवावा. बेरिंग बोटावर फिरवून दिलं की त्यातली खरखर कोणालाही कळते. आणि आयटीआयच्या वर्गांत स्कॅनरच्या शेजारी एक जुनी बुलेट आणि एक स्प्लेंडर मुद्दाम झिजलेल्या भागांसह ठेवावी, मुलांना न खोलता निदान करायला लावावं. पुढच्या दहा वर्षांत इलेक्ट्रिक गाड्या वाढतील, पण त्यांनाही बेरिंगं असतात आणि अनेकींना बेल्ट किंवा चेनही असते. इंजिनाचा आवाज नसल्याने त्यांची कुरकुर अधिक स्पष्ट ऐकू येईल. तेव्हा गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या मुलाला पहिला प्रश्न कोणता विचारायचा हे माहीत असायला हवं, आणि ते शिकवू शकणारे हात आज या शहरात आहेत.