हॉर्न की ऊब?

गेल्या पौषात आम्ही पहाटेच मोटारीने पाचगणीला निघालो. मागे आई, वय ७८, जोडीला दमा. वाईला पोचेतो आमच्याच श्वासांच्या वाफेने समोरची काच आंधळी झाली, आणि हीटरच्या पंख्याने मात्र मौनव्रत धरलेले!

"अहो, आईंचे हात गार पडलेत," सौ. म्हणाली.

फ्यूज शाबूत होता. उरला रिले, काड्यापेटीहून लहान अशी चार पायांची डबी. कळ दाबली की आत टक् वाजे. तेव्हा तो निर्दोष, असा मी निकाल दिला. गॅरेजातले मिस्त्री हसले. "साहेब, टक् म्हणजे नुसतं चुंबक जागं झालं. पुढची वाट जळली असेल तर?"

चावी काढून त्यांनी त्याच क्रमांकाचा, हॉर्नचा रिले तिथे बसवला. चावी फिरवताच पंखा सुरू! मग जुन्याच्या ८५ व ८६ या पायांना १२ व्होल्ट दिले; टक् वाजले, पण ३० आणि ८७ यांच्यामधून वीज जाईना.

"हॉर्नवाचून जाऊ," मी म्हटले.

"घाट मुक्याने चढायचा? मी शाल घेते," आई म्हणाली.

दुकान उघडेपर्यंत थांबलो. नवा रिले बसवण्याआधी मिस्त्रींनी पंखाही उघडला. आत पाचोळा! त्याच्या अडथळ्याने पंखा जादा वीज ओढी आणि रिले भाजून निघे. तो तसाच राहता, तर नवाही जळता.

वाचकहो, नुसत्या टक् आवाजावर विसंबू नका. "हो, हो म्हणणारा ऐकतोच असं नाही," हे सौ.ने तेव्हाच सुनावले!